पुष्पीनं पिलेले चौदा गुंठे

पुष्पाबाई फाट्यावर एसटीतून उतरल्या आणि समोरचा थाट बघून त्यांना हसूच फुटलं. लिंबाच्या अलीकडं थोरला भाऊ शेषराव जीप घेऊन उभा, पलीकडं धाकटा गोविंदा मोटारसायकल घेऊन. दोघांची तोंडं दोन दिशांना. वडील गेल्यापासूनच्या बारा वर्षांत त्या माहेरी आल्या त्या लग्नाला नाहीतर मयतीला, आणि दर खेपेस फाट्यापासून घरापर्यंतचा दीड किलोमीटर त्यांनी पायीच तुडवला होता. आज एकदम दोन-दोन वाहनं हजर होती.

"पुष्पे, बस जीपमधी. उन्हाचं चालू नोको," शेषराव म्हणाले.

"बाई, माह्या मांगं बस. दोन मिनिटांत घरी," गोविंदा म्हणाला.

ज्याच्या गाडीत बसावं त्याच्या बाजूनं सही, असा सगळा मामला होता, आणि पुष्पाबाई काही दूधखुळ्या नव्हत्या. लाडवांचा डबा त्यांनी जीपमध्ये ठेवला, छत्री गोविंदाच्या हातात दिली.

"तुमी व्हा पुढं. मी पायीच येईन. मले शाळा पाहाची हाये."

खांद्यावरची कापडी पिशवी मात्र त्यांनी कुणाला दिली नाही. पिशवीत एक झेरॉक्स होती. सासरच्या वडनेर भोलजीहून निघाल्यापासून नांदुऱ्याला गाडी बदलेपर्यंत त्यांनी ती तीनदा उघडून वाचली होती. खैरवाडीच्या शाळेच्या चौदा गुंठे जागेचा सातबारा. त्यावर तीन नावं होती: शेषराव मोतीराम, गोविंदा मोतीराम आणि पुष्पा मोतीराम. पंचेचाळीस वर्षांत त्यांना कुणी या नावानं हाक मारली नव्हती. आणि सरकारच्या कागदावर ते नाव ऐटीत बसलेलं होतं.

झालं होतं असं की खैरवाडीच्या जिल्हा परिषद शाळेला दोन नव्या वर्गखोल्या मंजूर झाल्या होत्या. जून महिन्यापासून पाचवीचा वर्ग जोडायची परवानगीसुद्धा आली होती. शेषरावांची सून वैष्णवी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. तिनं चार वर्षं पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवून हे पत्र आणलं होतं, आणि पत्र आलं त्या दिवशी गावात पेढे वाटले होते. पेढे खाऊन झाल्यावर कुणीतरी पत्राची शेवटची ओळ वाचली. जागा शाळेच्या मालकीची असल्याचा पुरावा, निदान नोंदणी केलेलं बक्षीसपत्र, एकतीस मार्चच्या आत जोडावं. नाहीतर निधी परत जाईल. वैष्णवीनं मोबाइलवर सातबारा काढला तर शाळा कुठंच नाही, वर ही तीन भावंडं! आज एकोणतीस तारीख होती. मोताळ्याच्या रजिस्ट्री कचेरीत दुपारी तीनचं टोकन मिळालं होतं, आणि तिघांपैकी एकानं जरी सही नाही म्हटली तरी पेढ्यांचा खर्च वाया होता.

शाळेत सकाळची पाळी सुरू होती. एका खोलीचं छत काढून टाकलेलं, दुसरीत पहिली-दुसरी कोंबलेली आणि ओसरीवर मुख्याध्यापिका मंजुश्री मॅडम तिसरी-चौथीला एकाच फळ्यावर शिकवत होत्या. फळ्याच्या मधोमध खडूची रेघ होती. डावीकडं तिसरीची बेरीज, उजवीकडं चौथीचा भागाकार. पुष्पाबाई फाटकाशी थांबल्या तोच उजव्या बाजूची एक पोर उठून पळत आली. गोविंदाची नात, राजकुमारची लेक छकुली.

"आजी, मोठे आजोबा म्हन्ते तुनं आमची शाळा पिऊन टाकली. खरंच?"

"हाव बाप्पा," पुष्पाबाई म्हणाल्या. "लय तहान लागली होती."

ओसरीवर एकच खसखस पिकली. मंजुश्री मॅडम हसत पुढं आल्या, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही मोडली नाही. "आत्या, तुम्ही आलात, बरं झालं. चौथीत सतरा मुलं आहेत, त्यांतल्या नऊ मुली. खोली झाली तर त्या सगळ्या पाचवीला इथंच बसतील. नाही झाली तर चार घरं व्हॅन लावतील. बाकीच्यांचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू?"

पुष्पाबाईंना खरंच सांगायची गरज नव्हती. त्यांच्या वेळी पाचवी धामणगावला होती, मधे नाला होता, आणि मोतीराम बाबांनी सांगितलं होतं, पोरीच्या जातीनं कुठं नाला ओलांडत जायचं. परीक्षेत पहिली आलेली पुष्पा त्याच हिवाळ्यात कापूस वेचायला गेली. त्यावर त्या कधी रडल्या नव्हत्या. पण अजूनही कुणी शिक्षण विचारलं की 'चौथी' म्हणताना त्यांचा आवाज अर्ध्यानं खाली यायचा.

घरी बैठक भरली शेषरावांच्या पडवीत. पुष्पाबाईंना चहा आला तोच मुळी निव्वळ दुधाचा, वर इलायची. खुर्चीवर गादी घातलेली. गोविंदाची बायको केसरबाई पंखा त्यांच्याकडं वळवून गेली, दोन मिनिटांनी वैष्णवीनं येऊन तो आणखी वळवला. पुष्पाबाई मनातल्या मनात म्हणाल्या, घ्या पुष्पा मोतीराम, एवढी वर्षं कुठं होता हा पंखा?

पहिली तोफ गोविंदाच्या मुलानं, राजकुमारनं डागली. मोताळ्याच्या रस्त्यावर त्याचं खत-बियाण्याचं दुकान होतं आणि बोलणं चोख.

"हे पाहा मोठे बाबा, शाळा व्हावी, मले काई वाकडं नाई. पन रस्ता आता रुंद झाला. चौदा गुंठ्यांतले रोडकडचे पाच आपून ठेवू. सहा गाळे निंघतात. आत्याले दोन, तुमाले दोन, आमाले दोन. मांगच्या नऊ गुंठ्यांत शाळा बसते नं आरामात."

"अन् पोट्ट्यायनं खेळाचं कुठी? तुह्या गाळ्याच्या पत्र्यावर?" वैष्णवी ताडकन म्हणाली. "इंजिनिअर साहेब सांगून गेले. मैदान नसलं तं खोल्या नाई भेटत. चौदाच्या चौदा पाह्यजे."

"वहिनी, तुमी अध्यक्ष हा, मालक नाई."

"राजकुमार!" शेषराव गरजले. "माह्या बापानं देल्ली जमीन हाये ते. अन् सांगून ठेवतो, दोनी खोल्यायवर बाबाचं नाव पाह्यजे. मोठ्या अक्षरात. ते लेहून देत असतीन तं मी सही देतो."

वैष्णवीनं कपाळाला हात लावला. म्हणजे सासऱ्याचीही अट निघाली! सरकारी खोलीवर नाव लावायला आणखी वेगळा ठराव लागतो, तो दोन दिवसांत कुठून आणायचा? ती बघत होती पुष्पाबाईंकडं. राजकुमारही पुष्पाबाईंकडंच बघत होता. गोविंदा मात्र जमिनीकडं बघत होता. हा भाऊ लहानपणापासून असाच. पेरू चोरला तरी तोंड उघडायचा नाही, नुसता लाल व्हायचा.

"देल्ली म्हन्ता मोठे बाबा," राजकुमार म्हणाला, "त कागद दाखवा. तलाठी दोनदा आला होता म्हन्ते आज्याकडं. काऊन नाई लेहून देल्ली?"

यामागचं कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. मोतीराम बाबांचा पक्का समज होता की दान लिहून दिलं की त्याचं पुण्य कागदालाच लागतं, देणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. तलाठी दोनदा आला आणि दोन्ही वेळा ताक पिऊन परत गेला. गावानंही कधी विचारलं नाही. ज्या जमिनीवर उदक सोडलं ती गेली, त्यात काय विचारायचं!

"कागद नाई," पुष्पाबाई म्हणाल्या. "पन ज्याच्या हातात देल्ली तो हात हाये नं."

त्यांनी उजवा हात पुढं केला. बैठकीत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या म्हणून सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. केसरबाईही दारात येऊन उभी राहिली.

"मी चौथीत होती. बाबानं तांब्या आनला, तुळशीचं पान टाकलं, सहदेव मास्तरले म्हने, करा हात पुढं. मास्तर म्हने, मी सरकारी मानूस, आज इथी उद्या बदली. माह्या हातात देऊन जमीन माह्या मांगं येईन का? शाळा पोरायची हाये, पोराच्या हातात द्या. मंग हजेरीतलं पहिलं नाव पुकारलं. माहं होतं. मी उठली, हात केला. बाबानं पानी सोडलं. आता त्या पान्याचं काय कराचं ते मले कोनी सांगतलंच नाई. ऊन तं विचारूच नोका, लय तहान लागली होती. मी पिऊन टाकलं."

शेषराव हसता हसता खोकले. "सगळं गाव हासत होतं. पाटलाच्या पोरीनं चौदा गुंठे पिऊन टाकले! लग्न झालं तरी जावयाले सांगे लोकं, जपून राहा, पोरगी जमीन पिते!"

राजकुमारलाही हसू आवरलं नाही. पण तो लगेच सावरला. "आत्या, गोष्ट लय गोड हाये. पन रजिस्ट्रीत गोष्ट चालत नाई."

"नाईच चालत. म्हनूनच तुह्या बापाले एक विचारू दे." पुष्पाबाई गोविंदाकडं वळल्या. "गोविंदा, बाबा गेल्यावर तुमा दोघायची वाटनी झाली. किती दिवस चालली?"

"अकरा," गोविंदा पुटपुटला.

"अकरा दिवस! शेताच्या धुऱ्यावरच्या एका बाभळीसाठी दोघं भाऊ तीन दिवस बोलले नाई. विहिरीच्या पाळ्या लेहल्या, गोठ्याचे पत्रे मोजले, पाट्या-वरवंट्याचं नाव लेहलं. माह्याकडून हक्कसोड घेतली तवा एक-एक गट नंबर वाचून घेतला. मंग हे चौदा गुंठे कोन्या वाटनीत हाये? कोन्या कागदात हाये? माहं नाव तिथी काऊन राहून गेलं?"

गोविंदाचे कान लाल झाले. राजकुमार म्हणाला, "सुटलं असन, चुकून."

"मी तुले नाई विचारून राह्यली. गोविंदा, तू सांग. बाभूळ नाई सुटली तुह्याकडून. रस्त्यावरचे चौदा गुंठे कसे सुटले?"

घड्याळ पावणेबारा दाखवत होतं. पंखा करकरत होता. गोविंदानं मान वर केली तेव्हा तो मुलाकडं न बघता बहिणीकडं बघत होता.

"सुटले नाई, बाई. आपले नव्हतेच ते. ते शाळेचे होते. दादाच्या मनात नाई आलं, माह्याबी मनात नाई आलं. कोनाच्याच मनात नाई आलं." मग तो मुलाकडं वळला. त्याचा आवाज चढला, आणि गोविंदाचा चढलेला आवाज त्या घरानं फार दिवसांनी ऐकला. "बे राजा, ज्या जमिनीसाठी मी दादासंग भांडलो नाई ते माही असन का? गाळे पाह्यजे तं दुकानाच्या मांगं बांध. मी सही देतो."

वैष्णवीनं टाळीच वाजवली, मग सासऱ्यांसमोर आहोत हे आठवून पदर सावरला. शेषरावांना आता आपली अट जड झाली होती. धाकटा भाऊ एवढा मोठा झाल्यावर थोरल्यानं पाटीसाठी अडून बसायचं म्हणजे शोभा. "जाऊ द्या," ते म्हणाले. "नाव मांगून पाहू. बाबाले तरी कुठी पाटी पाह्यजे होती."

"चला मग!" वैष्णवी उठली. "आधार कार्ड घ्या, फोटो तिथीच काढतात. आत्या, चला."

पुष्पाबाई उठल्या नाहीत.

त्यांनाही वाटलं होतं आपण उठू. पण हात पिशवीवर होता, आणि तो निघेना. बारा वर्षांपूर्वी याच पडवीत, पुरणपोळीचं ताट बाजूला सारून, शेषरावांनी कागद पुढं केला होता आणि बोट ठेवलं होतं, इथं. त्यांनी तिथं सही केली होती. बदल्यात जरीचं पातळ मिळालं होतं. ते त्यांनी एकदाही नेसलं नाही. जमीन गेली याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, भाऊ सुखी राहोत. वाटलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आणि आज, आयुष्यात पहिल्यांदा सातबाऱ्यावर नाव दिसलेलं असताना, चार दिवसही ते मिरवलं नसताना, पुन्हा कुणीतरी म्हणत होतं, चला.

"आत्या, काय झालं?" वैष्णवीचा चेहरा उतरला. राजकुमारच्या डोळ्यांत आशा चमकली.

"मले कोनी विचारलं का?" पुष्पाबाई म्हणाल्या.

"काय विचाराचं, पुष्पे?" शेषराव गोंधळले.

"हेच. मांगच्या वख्तीबी नाई विचारलं. बोट ठेवलं, सही घेतली. मी नाई म्हनली असती का? नसती म्हनली. पन विचाराले काय जातं दादा? तीन नावं हाये कागदावर. त्यातलं एक माहं हाये. मालकिनीले विचारा."

शेषराव अडुसष्ट वर्षांचे होते आणि आजवर त्यांनी या बहिणीला फक्त सांगितलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. गोविंदा आधी उठला, येऊन तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"बाई, शाळेले जमीन देऊ का? तुह्या मनात हाये का?"

मग शेषराव आले. उभ्यानंच, पण आवाज एकदम बारीक. "पुष्पा, तुही मर्जी असन तंच. तू नाई म्हनली तं मी गाडी बाहेर काढत नाई. अन् मांगचं... मांगचं चुकलं माहं."

पुष्पाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "देतो म्हना," त्या म्हणाल्या. "पन माही एक अट हाये. दोघायच्या झाल्या, माही राह्यली." त्यांनी राजकुमारकडं बोट केलं. "छकुली पाचवीले कुठी चालली?"

राजकुमार चाचरला. "मोताळ्याले. इंग्लिश मीडियमले फॉर्म भरला हाये. व्हॅन येते दारात."

"आपून जमीन द्याची अन् आपली पोर दुसरीकडं पाठवाची? लोकं म्हनतीन, शिळं होतं म्हनून वाढलं. तू पोरगी काढली की मांगून चार निंघतीन, चाराच्या मांगून दहा. मंग खोल्यायमधी काय कबूतरं बसवाचे? मी सही देतो, तू पोरगी दे."

"आत्या, तिच्या शिक्षनाचा सवाल हाये."

"मंग तिलेच विचार. आज विचाराचाच दिवस हाये."

छकुली शाळा सुटून केव्हाची दाराशी येऊन उभी होती. सगळ्यांचे डोळे आपल्याकडं वळलेले बघून तिनं दप्तर घट्ट धरलं. "बाबा, व्हॅनमधी मले उलटी होते," ती म्हणाली. "अन् मॅडम म्हनल्या पाचवीले प्रयोगाची पेटी येनार हाये. भिंग हाये तिच्यात."

राजकुमार लेकीकडं बघत राहिला. मग मान हलवत म्हणाला, "बसा गाडीत सगळे. पन एक वर्ष पाहीन. मॅडमनं नीट नाई शिकवलं तं मी गाळ्याचा नकाशा फाडला नाई अजून."

"नोको फाडू," वैष्णवी म्हणाली, "त्याच्या मांगच्या बाजूले छकुलीचा अभ्यास घेजो."

पुढचे चार तास म्हणजे नुसती धांदल होती. मोताळ्याचा आठवडी बाजार, रस्त्यात बैलगाड्या, कचेरीत पोचायला तीनला पाच कमी. तिथं सर्व्हर बंद. मार्च अखेर, सगळा तालुका त्या एका खोलीत उभा. वैष्णवी खिडकीपाशी, राजकुमार आत ओळखीचा शोधतोय, शेषराव दर दोन मिनिटांनी विचारताहेत, "आलं का? आलं का?" आणि गोविंदा सगळ्यांसाठी उसाचा रस आणतोय. सव्वाचारला कुणीतरी ओरडलं, "आलं!" आणि शेषरावांनी चक्क अनोळखी माणसाला मिठी मारली.

पुष्पाबाईंची पाळी शेवटची होती. कारकुनानं वर न बघता शाईचं पॅड पुढं सरकवलं. "आजी, अंगठा."

"पेन द्या," पुष्पाबाई म्हणाल्या. "चौथी शिकली हाओ मी. पहिल्या नंबरानं." या वेळी आवाज खाली गेला नाही, उलट मागच्या बाकापर्यंत पोचला. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर घोटून पूर्ण नाव लिहिलं, पुष्पा मोतीराम. मागची रांग चुळबुळत राहिली.

परतीला ऊन कलायला लागलं होतं. बातमी आधीच पोचली होती. शाळेच्या मैदानात अर्धं गाव जमलेलं, मंजुश्री मॅडम फाटकात. वैष्णवीनं बक्षीसपत्र त्यांच्या हातात ठेवलं तसं मॅडमनी ओसरीवरच्या टेबलाशी बसून एक कोरं पान काढलं, वर लिहिलं 'इयत्ता पाचवी', आणि खाली पहिलं नाव राजकुमारला सांगायला लावलं.

पुष्पाबाईंनी पिशवीतली झेरॉक्स काढली, एकदा शेवटची वाचली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. आता त्यांच्या नावावर या जगात कुठंही गुंठाभर जमीन नव्हती. छाती मात्र सकाळपेक्षा भरलेली होती, आणि ते त्यांनी शेजारी उभ्या केसरबाईला सांगूनही टाकलं, "मले आज लय बरं वाटून राह्यलं वं."

मग त्यांनी तांब्या मागवला. तुळशीचं पान कुणीतरी धावत जाऊन आणलं.

"छकुले, ये इकडं. कर हात पुढं."

शेषरावांनी टोपी काढली. गोविंदा लाल झाला होता, आणि या वेळी ते लपवायला त्यानं मान खाली घातली नाही. पुष्पाबाईंनी पाणी सोडलं. बारीक धार छकुलीच्या तळहातात पडली, बोटांच्या फटीतून दोन थेंब मातीत गेले. पोरीनं आधी हाताकडं पाहिलं, मग आजीकडं. काय करायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं हात तोंडाला लावला आणि घटाघटा पिऊन टाकलं.

सगळं मैदान हसायला लागलं. शेषराव तर डोळे पुसत हसत होते. छकुलीनं ओठ फ्रॉकला पुसले आणि ओला हात पुन्हा पुढं केला.

"आजी, अजून घाल नं," ती म्हणाली. "खोल्या दोन हायेत."